वऱ्हाडातील परिचारिका आणि नोंदवहीची सीमा

राज्यपुनर्रचनेचा इतिहास बहुधा आयोग, आंदोलने आणि नेते यांच्या अंगाने सांगितला जातो. एखादा प्रदेश एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला म्हणजे तेथील व्यावसायिकांच्या परवान्यांचे काय होते, हा प्रश्न त्या कथनात क्वचितच येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे वऱ्हाडचे चार जिल्हे नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा या जिल्ह्यांसह मध्यप्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्या दिवशी अकोल्याच्या रुग्णालयात काम करणारी परिचारिका जागची हलली नव्हती. हलले होते ते राज्य. परंतु तिची उपजीविका ज्या नोंदीवर अवलंबून होती, ती नोंद एका विशिष्ट राज्याच्या कायद्याने निर्माण झालेली होती. परिचारिकेची विद्या तिच्याबरोबर प्रवास करते, तिची नोंद मात्र भूमीला बांधलेली असते. या विसंगतीचा इतिहास वऱ्हाडात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

नोंदणीपूर्व काळात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात होता. १८८५ साली स्थापन झालेल्या लेडी डफरिन निधीमुळे स्त्रियांच्या रुग्णालयांना देशभर चालना मिळाली. अमरावतीचे स्त्री-रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरिन’च आहे आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’. अमरावतीचे सामान्य रुग्णालय व्हाइसरॉय आयर्विन यांच्या नावाने ओळखले गेले. या नावांवरूनच वऱ्हाडातील आधुनिक रुग्णसेवेची घडण कोणत्या काळात झाली ते ध्यानात येते. त्या काळी शिकलेल्या परिचारिकेजवळ असे ते आपल्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि मेट्रनचे अथवा मिशनच्या डॉक्टरांचे शिफारसपत्र. पुण्याच्या सेवासदनाने १९०९ नंतर ज्या स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेण्याची वाट करून दिली, त्यांत विधवांची संख्या लक्षणीय होती. अशा स्त्रीला गाव सोडून दूरच्या जिल्ह्यात नोकरी धरावयाची असेल, तर तिच्या योग्यतेचे मोल शिफारसपत्रावरील सही कोणाची आहे यावर ठरे. ज्या ठिकाणी ती सही ओळखीची नसे, त्या ठिकाणी त्या योग्यतेलाही किंमत उरत नसे.

नोंदणीच्या कायद्याने हे व्यक्तिनिष्ठ मूल्यमापन नाहीसे करावे अशी अपेक्षा होती. इंग्लंडमध्ये १९१९ साली परिचारिका-नोंदणीचा कायदा झाला. हिंदुस्थानात मद्रास इलाख्याने १९२६ साली, मुंबईने १९३५ साली व मध्यप्रांताने १९३६ साली आपापले कायदे केले. या कायद्यांनी एक महत्त्वाची गोष्ट साधली. ‘परिचारिका कोण?’ या प्रश्नाचे उत्तर यापुढे एखादे रुग्णालय देणार नव्हते. ते शासनमान्य मंडळाची नोंदवही देणार होती. तथापि ही नोंदवही प्रांताची होती. मुंबईच्या वहीत नाव असलेल्या स्त्रीला विवाहानंतर अकोल्यास यावे लागले, तर मुंबईची नोंद मध्यप्रांतात ग्राह्य धरली जाणे हे दोन मंडळांच्या परस्परमान्यतेवर अवलंबून असे. शिफारसपत्राची मर्यादा ओळखीपुरती होती. नोंदीची मर्यादा प्रांतापुरती झाली.

वऱ्हाडच्या बाबतीत या सीमेला आणखी एक पदर होता. १८५३ च्या तहाने ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली आलेला व १९०२ साली त्यांना कायमच्या पट्ट्याने दिलेला हा मुलूख १९०३ साली मध्यप्रांताला जोडण्यात आला, परंतु त्यावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे वऱ्हाडास आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. १९३५ च्या सुधारणा कायद्यानुसार मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा कारभार एक प्रांत म्हणून चालू लागला आणि १९४१ च्या बेरार लॉज ॲक्टने या गुंतागुंतीचा बराचसा निरास केला. नागपूरच्या मेयो किंवा म्युर मेमोरियल रुग्णालयात शिकून अमरावतीस नोकरीसाठी येणाऱ्या परिचारिकेला आपण एका कायदेशीर सीमेपलीकडे जात आहोत याची जाणीवही नसेल. परंतु कायद्याच्या पुस्तकात ती सीमा होती, आणि वऱ्हाडातील प्रत्येक सनदेमागे तिची छाया होती.

प्रांतोप्रांतीच्या या तुटकपणाचे परिणाम किती गंभीर होते, हे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालावरून दिसते. त्या वेळी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० होती, म्हणजे ४३,००० लोकसंख्येमागे एक. इतक्या अल्पसंख्य व्यवसायातील एखादी स्त्री केवळ प्रांत बदलल्यामुळे कामाविना राहणे, ही तिची वैयक्तिक हानी तर होतीच, पण रुग्णांचीही होती. या पार्श्वभूमीवर ३१ डिसेंबर १९४७ रोजी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमाने असे ठरविले की, परिषदेने मान्य केलेली अर्हता ही कोणत्याही प्रांताच्या नोंदवहीत नाव दाखल होण्यास पुरेशी समजावी. विद्येला देशभर मान्यता मिळाली. नोंदवह्या मात्र प्रांतांकडेच राहिल्या. नाव दाखल करून घेण्याचा हक्क परिचारिकेला मिळाला. नाव पुन्हा दाखल करण्याची गरज काही संपली नाही. १९५७ च्या दुरुस्तीने अखिल भारतीय नोंदवहीची तरतूद झाली, परंतु तीही राज्यांच्या नोंदवह्यांतील नावे एकत्र करून ठेवावयाची होती.

याच टप्प्यावर १९५६ ची पुनर्रचना येते. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमाचा आशय असा होता की, प्रदेश राज्य बदलला तरी तेथे चालू असलेला कायदा, सक्षम विधिमंडळ अन्यथा ठरवीपर्यंत, त्या प्रदेशापुरता पूर्ववत चालू राहील. व्यवहाराच्या दृष्टीने ही तरतूद शहाणपणाची होती. तिच्यामुळे अकोल्याच्या परिचारिकेची सनद एका रात्रीत निरर्थक झाली नाही. परंतु याचा दुसरा परिणाम असा झाला की, एकाच राज्यात परिचारिकेच्या नोंदणीचे निरनिराळे वारसे शेजारी शेजारी नांदू लागले. पश्चिम महाराष्ट्रात १९५४ चा मुंबई कायदा होता, विदर्भात १९३६ चा मध्यप्रांताचा होता, आणि मराठवाडा हैदराबाद राज्यातून आलेला होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावरही ही स्थिती लगेच पालटली नाही. १९६६ च्या ४० व्या क्रमांकाच्या अधिनियमाने, म्हणजे महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने, राज्यातील या कायद्यांचे एकीकरण केले. भाषेच्या आधारावर झालेल्या एकीकरणानंतर व्यवसायाचे एकीकरण होण्यास दहा वर्षे लागली.

जुन्या मध्यप्रदेशाचा जो भाग मागे राहिला, तेथे १९३६ चा कायदा ‘महाकोशल’ या नावाने चालू राहिला व पुढे १९७२ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. या अधिनियमाच्या हिंदी नावात ‘उपचारिका’ असा शब्द आहे. महाराष्ट्राच्या अधिनियमात ‘परिचारिका’. एकाच नोंदवहीतून निघालेल्या दोन परंपरांनी एकाच व्यवसायाला दोन संस्कृत नावे दिली, ही गोष्ट केवळ कोशकाराच्या कुतूहलाची नाही. ‘परिचारक’ हा सुश्रुतसंहितेत चिकित्सेच्या चार पादांपैकी एक आहे. परंतु मराठीच्या जुन्या वापरात ‘परिचारिका’ या शब्दाला दासीचा, सेविकेचा अर्थ अधिक चिकटलेला होता. कायद्याने त्या शब्दाला अर्हतेचा आशय दिला. पुढे शासनव्यवहारात मेट्रनसाठी अधिसेविका, वॉर्डाच्या सिस्टरसाठी परिसेविका, स्टाफ नर्ससाठी अधिपरिचारिका अशी श्रेणीबद्ध परिभाषा रूढ झाली. वऱ्हाडच्या खेड्यात मात्र ‘सिस्टर’ आणि ‘नर्सबाई’ हेच शब्द राहिले, आणि त्यांच्या जोडीला, कोणत्याही वहीत नाव नसलेली सुईणही राहिली. नोंदणीचा इतिहास लिहिताना तिचा विसर पडता कामा नये, कारण नोंदीने जी रेषा ओढली तिच्या पलीकडे तीच उभी होती.

नोंद मिळाली म्हणजे काम मिळालेच असे नव्हे. वऱ्हाडात कामाची ठिकाणे तीन प्रकारची होती. पहिला प्रकार जिल्हा रुग्णालयांचा. तेथील नेमणूक राज्यशासनाची. दुसरा मिशन व सेवाभावी संस्थांचा. वाशीम येथे १९३८ साली सुरू झालेले रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय (वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते), अचलपूरजवळील कोठारा येथील कुष्ठरुग्णालय, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीस उभारलेले तपोवन ही त्याची ठळक उदाहरणे होत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रूपाने तिसरा प्रकार पुढे आला. येथे सीमेचे आणखी एक रूप प्रकट झाले. जिल्हा परिषदेची सेवाज्येष्ठता जिल्ह्यापुरती असते. म्हणून अकोल्याची आरोग्यसेविका स्वेच्छेने अमरावतीत बदलून आली, तर तिची नोंद अबाधित राहते, पण ज्येष्ठता तळाशी जाते. राज्याची सीमा ओलांडताना नोंदीचे जे होई, तेच येथे सेवेच्या वर्षांचे होते.

यांखेरीज भाषेची अर्हता होती. केरळातून किंवा हिंदी भागातून आलेल्या परिचारिकेला शासकीय सेवेत मराठी भाषेची परीक्षा देता येई. परंतु ती परीक्षा प्रमाण मराठीची. रुग्ण बोलतो ती वऱ्हाडी. ‘डोळा’ तिच्या कानी ‘डोया’ म्हणून पडतो, ‘जवळ’चे ‘जवय’ होते, ‘बाळंतपण’ ‘बायंतपन’ असे येते. ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ हा नियम एकदा ध्यानात आला की पुष्कळसे उलगडते. पण तो परीक्षेच्या पुस्तकातून शिकता येत नाही, खाटेपाशी उभे राहूनच शिकावा लागतो. मेळघाटात तर हा नियमही उपयोगी पडत नाही. धारणी व चिखलदरा या तालुक्यांतील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. तेथे पुण्याची मराठीभाषक परिचारिका आणि कोट्टयमची मल्याळीभाषक परिचारिका या दोघी सारख्याच परक्या ठरतात. प्रसूतीच्या वेळी वेदना कोठे व केव्हापासून आहेत हे समजणे ज्या कामात निर्णायक, त्या कामात ही अर्हता दुय्यम मानता येत नाही. तिची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

आजही राज्य बदलणाऱ्या परिचारिकेला मूळ मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून नव्या राज्याच्या मंडळाकडे नोंदणी करावी लागते. धारणीहून बऱ्हाणपूर जवळ आणि मुंबई दूर. परंतु बऱ्हाणपुरात मिळालेली नोंद धारणीस चालत नाही, आणि १९५६ पूर्वी ही दोन्ही ठिकाणे एकाच राज्यात होती. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला असून त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. १९५७ च्या दुरुस्तीतही तशी तरतूद होती. म्हणून नव्या कायद्याची कसोटी तरतुदीच्या शब्दांवर लागणार नाही. बऱ्हाणपूरची परिचारिका धारणीच्या रुग्णालयात पहिल्या दिवशी कामावर रुजू होऊ शकते की दाराबाहेर कागदाची वाट पाहत थांबते, यावरूनच ती लागेल.