अंतेवासी

कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी असलेली कोंडाणे लेणी सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली मानली जातात. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, डावीकडे एका भग्न मूर्तीजवळ, ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच तिचा अर्थ.

बलक बहुधा शिल्पी असावा. पण ‘अंतेवासी’ हा शब्द विनयपिटकातही येतो. उपसंपदा मिळाली म्हणजे भिक्खूचे शिक्षण संपले असे नव्हे. खरे ते तिथून सुरू होई. नव्या भिक्खूने किमान पाच वर्षे उपाध्यायाच्या किंवा आचार्याच्या आश्रयाने राहायचे, आणि आश्रय देणाऱ्याचे दहा वर्षावास झालेले हवेत, असा नियम होता. आचार्याजवळ राहणारा तो अंतेवासी. दातवण-पाणी ठेवणे, आसन मांडणे, खोली झाडणे ही त्याची कामे. मात्र आचार्यानेही त्याला शिकवावे, पात्र-चीवराची सोय पाहावी, आजारपणात शुश्रूषा करावी, हे तितकेच बंधनकारक होते. चर्च ऑफ इंग्लंडचा नवदीक्षित पाद्रीही आज पहिली तीन-चार वर्षे अनुभवी धर्मगुरूच्या हाताखालीच काढतो.

कोंडाण्याच्या विहारात मधल्या दालनाभोवती तीन बाजूंना अठरा कोठड्या आहेत. त्या केवळ एकांतासाठी नव्हत्या. गुरू-शिष्यांना हाकेच्या अंतरावर ठेवणारी ती रचना होती. लेण्यांत आपण राजांची नि दात्यांची नावे शोधतो. बलकाने मात्र आपल्या नावाआधी गुरूचे नाव कोरले.