मोहरींतील परका दाणा

इ. स. १८७७ सालीं कलकत्ता शहरांत एका विलक्षण रोगाची सांथ आली. प्रथम पाय सुजत, मग धाप लागे आणि अखेरीस कित्येकांचें हृदयच थके. एका चुलीवर जेवणारीं माणसें एकाच वेळीं अंथरुणास खिळत. पुढल्या वर्षीं मॉरिशस बेटांतील हिंदी मजुरांतही हा रोग दिसला. कोणी त्यास बेरीबेरी म्हटलें, कोणी तांदळास दोष दिला. खरा अपराधी मात्र मोहरीच्या तेलांत दडून राहिला.

१९२६ सालीं सरकार यांनीं पिवळ्या धोत्र्याच्या तेलावर संशय घेतला आणि १९३७ सालीं लाल व रॉय यांनीं प्रयोगानें त्यास पुष्टि दिली. नांव धोत्र्याचें असलें, तरी ही काटेरी वनस्पति अफूच्या कुळांतील असून मूळची मेक्सिकोकडील आहे. आपल्याकडेही पडीक रानांत व रस्त्यांच्या कडेला ती पिवळ्या फुलांनीं सहज ओळखूं येते. तिच्या बियांतील सँग्विनरीन नांवाच्या विषानें सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतील पाणी बाहेर झिरपतें आणि अंगावर सूज चढते.

झाड ओळखणें सोपें. बी ओळखणें मात्र तितकें सोपें नाहीं. ती मोहरीएवढीच लहान व काळसर असते. तथापि भिंग लावून पाहिल्यास भेद उघड होतो. मोहरीचा दाणा गोल व बोटांस गुळगुळीत लागतो. धोत्र्याची बी खरबरीत असून तिच्या पाठीवर मधाच्या पोळ्यासारखी खळग्यांची जाळी असते व एका टोंकास बारीकशी चोंच दिसते. दोन्ही दाणे चिरडले, तर मोहरी आंतून पिवळी व ही बी पांढरी निघते.

ही ओळख दाणा अखंड आहे तोंवरच चालते. एकदां घाण्यांतून तेल निघालें, कीं रंगरूप सारें मिसळून जातें. मग रसायनशाळेंत नायट्रिक आम्लानें तेल तांबूस होतें कीं काय, हें पाहावें लागतें. रोगाचें कारण कळून साठ वर्षें लोटल्यावरही १९९८ सालीं दिल्लींत भेसळीच्या तेलानें साठांहून अधिक माणसें दगावलीं. ज्ञान ग्रंथांत होतें. घाण्यापाशीं दाणा निरखणारा डोळा नव्हता. फोडणीची मोहरी ताटांत पसरून निवडणारी गृहिणी जें काम नित्य करते, तेंच तेथें कोणी केलें असतें, तर ते जीव वांचते.