आधी नोंद, मग बदल

डेटाबेसची फाइल करप्ट झाली की पहिला हात जातो तो रिपेअरच्या टूलकडे. हा क्रमच चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे राइट-अहेड लॉगच्या, म्हणजे बदलाआधी लिहायच्या नोंदवहीच्या, जन्मकथेतून कळतं. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस सहसा 8 केबीच्या पानांत डेटा ठेवतो. लिनक्सचं स्वतःचं पान सहसा 4 केबीचं. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धं पान नवं आणि अर्धं जुनं राहू शकतं. त्यात नेमकं काय असायला हवं होतं, हे त्या पानाकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळत नाही. आयबीएमच्या सॅन होजेमधल्या सिस्टिम आर प्रकल्पाने 1970च्या दशकात यावर एक तोड काढली होती: बदललेलं पान नव्या जागी लिहायचं आणि काम तडीस जाईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. मोठ्या डेटाबेसला हे पेलत नाही, तिथे लॉगवरच भिस्त ठेवायला हवी होती, असं त्याच प्रकल्पातल्या जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली स्वतःच लिहून टाकलं. त्या प्रामाणिकपणाचं मोल मला फार वाटतं.

लॉगचा नियम रोजकीर्दीचाच: आधी तिथे नोंद, मग खतावणी. आयबीएमच्याच सी. मोहन यांनी सहकाऱ्यांसह 1992 साली मांडलेल्या 'एरीज' पद्धतीने त्याला शिस्त आणली. प्रत्येक नोंदीला क्रमांक, आणि पानावर शेवटच्या बदलाचा क्रमांक. सिस्टिम कोसळून उठली की दोन्ही ताडून पाहायचे, राहिलेले बदल पुन्हा करायचे आणि अर्धवट व्यवहार मागे घ्यायचे. अर्ध्या लिहिल्या गेलेल्या पानासाठी पोस्टग्रेएसक्यूएल चेकपॉइंटनंतरच्या, म्हणजे तोवरचे बदल डिस्कवर उतरवल्यानंतरच्या, पहिल्या बदलाला अख्खं पानच लॉगमध्ये उतरवतो. म्हणजे फाइल बिघडली तरी खरं काय होतं ते सांगणारा साक्षीदार शाबूत असतो.

मग लॉग असूनही फाइली बिघडतात कशा, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं एक उत्तर 2018 साली मिळालं. 'एफसिंक' म्हणजे 'डिस्कवर खरंच लिही' ही आज्ञा. ती एकदा अयशस्वी झाली की लिनक्स चूक कळवत असे, पण न लिहिलेलं पान लिहिल्यासारखंच धरत असे. पोस्टग्रेएसक्यूएलने पुन्हा विचारलं की उत्तर यायचं, 'झालं'. त्या भरवशावर गरजेचा लॉगही निकाली निघायचा. 2019च्या फेब्रुवारीत आलेल्या दुरुस्तीत असं घडताच सर्व्हरने थांबायचं आणि लॉगवरून पुन्हा उभं राहायचं, असं ठरलं. दोष डेटाबेसच्या खालच्या थरात होता, आणि तारणारा पुन्हा लॉगच ठरला.

दुकान खोळंबलंय, आधी चालू तर करा, हा दबाव खोटा नसतो. तरीही सर्व्हर थांबवून फाइल आणि लॉग दोन्हींची प्रत आधी घ्यावी, डिस्क, मेमरी आणि कर्नलच्या नोंदी तपासाव्यात आणि रिपेअर चालवायचंच तर त्या प्रतीवर. घाईत उलटं घडतं. पोस्टग्रेएसक्यूएलच्या लॉगच्या फोल्डरचं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं. डिस्क भरली की साध्या लॉग फाइली समजून लोक तोच रिकामा करत. शेवटी 2017 साली, आवृत्ती 10 मध्ये, त्याचं नाव बदलून 'पीजी_वॉल' करावं लागलं.