आजारी न पडलेल्यांची यादी

शाळेत कांजिण्यांची साथ आली की मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक यादी तयार होते. कोणत्या वर्गातली किती मुले आजारी, कोण घरी, कोण दवाखान्यात. अशी यादी करायला कुणाला शिकवावे लागत नाही. आजारी न पडलेल्या मुलांची यादी मात्र कुणी मुद्दाम करत नाही, कारण ती हजेरीपटात आधीच असते. हा हजेरीपट नसता, तर आजाऱ्यांच्या यादीतून फारसे काही कळले नसते. हे म्हणणे जरा चमत्कारिक वाटेल. म्हणून पुण्याच्याच इतिहासातले एक प्रकरण बघू या.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. पुढची हकिगत इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात असतेच. प्लेग अधिकारी रँड, घरोघर झडत्या घेणारे गोरे सोजीर, आजाऱ्याची इस्पितळात आणि घरच्यांची विलगीकरणाच्या छावणीत रवानगी, आणि २२ जून १८९७ ची रात्र. या काळात लोक आजारी माणसे लपवत, मृत्यूसुद्धा लपवत. नाव लिहिले गेले की घर मोडते, हे दिसत असताना कोण आपण होऊन नाव सांगेल? त्यामुळे शहरात नेमके किती आजारी पडले याची खात्रीची नोंद होणे अवघडच होते.

शेजारच्या खडकीच्या छावणीत परिस्थिती वेगळी होती. तिथे तोफखान्याच्या चाकरीत असलेले हिंदी नोकर आणि त्यांची बायकामुले अशी १,५३० माणसे एका वस्तीत, लष्करी शिस्तीखाली राहत होती. साथ तिथेही शिरली. त्याच वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत आपली नवी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. प्लेगचे जंतू रश्श्यात वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि तो मेलेला रस्सा टोचायचा, अशी ती लस. खडकीच्या वस्तीत ६७१ जणांनी ती टोचून घेतली, ८५९ जणांनी घेतली नाही.

साथ ओसरल्यावरचे आकडे असे. लस न घेतलेल्यांपैकी १४३ जणांना प्लेग झाला आणि ९८ दगावले. लस घेतलेल्यांपैकी ३२ जणांना झाला आणि १७ दगावले.

आता वर्गात एक गंमत करून पाहा. फळ्यावर फक्त इस्पितळातले आकडे लिहा : १७५ रुग्ण, त्यांतले ३२ लस घेतलेले. लस उपयोगी पडली का, असे विचारा. बरीच मुले हो म्हणतील. मग विचारा, वस्तीतल्या फक्त शंभर जणांनीच लस घेतली असती आणि त्यांतले ३२ आजारी पडले असते तर? इस्पितळाच्या वहीत तेच आकडे दिसले असते, पण लस घेतलेल्यांना प्लेग जास्त झाला असे म्हणावे लागले असते. वहीवरून उत्तर मिळतच नाही. ८५९ आणि ६७१ हे छेद हाती आले की मगच गणित सुटते. लस न घेतलेल्यांत शेकडा १६.६ आजारी पडले, घेतलेल्यांत शेकडा ४.८. मृत्यूंचे प्रमाण शेकडा ११.४ आणि २.५. लस घेतलेलेही बाकीच्यांच्या प्रमाणात दगावले असते तर १७ ऐवजी ७७ मृत्यू झाले असते.

या हिशेबात त्रुटी नाहीत असे नाही. लस कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. ज्याने त्याने आपल्या मनाने घेतली. आपण होऊन पुढे येणारा माणूस इतर बाबतींतही जास्त काळजी घेणारा असू शकतो. शिवाय साथ चालू असताना जो टोचून घेतो, तो तोवर जिवंत राहिलेला असतोच; त्या आधीच्या दिवसांचे श्रेय लसीला देणे बरोबर नाही. १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगाने हाफकिन यांच्या आकड्यांची कसून उलटतपासणी केली, नोंदींतले दोष दाखवले, आणि तरीही लसीने प्लेगचे प्रमाण कमी होते हे मान्य केले. विज्ञान कसे चालते हे शिकवायला आम्हाला हा आयोग हाफकिन यांच्या धाडसाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

खडकीत छेद मिळाला तो ही माणसे सरकारी चाकरीत होती म्हणून. पण ती मोजणी सरकारच्या सोयीची होती. तोफखाना चालता राहायला माणसे धडधाकट हवी होती. कामगाराने स्वतःसाठी अशी नोंद मागावी, हा विचार गिरण्यांमधून आला. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुख्यतः लहान मुलांच्या कामाच्या तासांपुरता होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात आठवड्याच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अधू झाल्यास त्याची तरतूद व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले.

या कायद्याने कामगाराच्या हाती हक्क आला, पण नोंदवहीचे स्वरूपही बदलले. अपघात लिहिला की पैसे द्यावे लागतात म्हटल्यावर तो न लिहिण्याचा मोह होणारच. मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो. हेतू चांगलाच असतो. पण त्या दिवसांत किती माणसांनी किती तास काम केले हे फलक सांगत नाही. आणि कंत्राटदाराकडच्या माणसाचे बोट कापले गेले तर तो आकडा पुन्हा शून्यावर येतो का, हेही फलकावरून कळत नाही. अंश दडवता येतो तसा छेदही लहान करता येतो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणीची सोय केली. शिसे, पारा, सिलिकाची धूळ यांच्यामुळे होणारे आजार आढळल्यास कारखाना निरीक्षकांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. तरीही ही नोंद माणूस आजारी पडल्यावरचीच होती. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियांसाठी ४१-क हे कलम आले. कामावर घेण्यापूर्वी तपासणी, काम चालू असताना निदान वर्षातून एकदा, आणि ते काम सोडल्यानंतरही तपासणी. शिवाय ही कागदपत्रे कामगाराला पाहायला मिळाली पाहिजेत. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे निकामी व्हायला वर्षे लागतात आणि तोवर माणसाने दोन-तीन ठिकाणची कामे बदललेली असतात. म्हणून काम सोडल्यानंतरच्या तपासणीचे ते शब्द महत्त्वाचे होते. पुढे २०२० मध्ये संसदेने कामगारांची सुरक्षा व आरोग्य यांविषयीचे १३ केंद्रीय कायदे एकत्र करणारी संहिता मंजूर केली. कायदा कोणताही असो, कंत्राटदार बदलला की माणसाची वही मागेच राहते, ही अडचण तशीच उरते.

माणसाबरोबर फिरणारी वही कशी असते, हे बघायचे तर एखाद्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात जावे. तिथल्या तंत्रज्ञाच्या छातीवर, शिशाच्या आवरणाच्या आत, एक छोटा बिल्ला असतो. त्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरण पडले की चकतीतले काही इलेक्ट्रॉन सुटून स्फटिकातल्या दोषांत अडकून बसतात. चकती तापवली की ते मोकळे होतात आणि मंद प्रकाश देतात. जितके किरण, तितका प्रकाश. १९७५ पासून आपल्याकडे फिल्मच्या बिल्ल्याची जागा हा बिल्ला घेऊ लागला. दर तीन महिन्यांनी तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो आणि आकडा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय नोंदणीत जमा होतो. तंत्रज्ञाला एक क्रमांक मिळतो आणि नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. बहुतेकांच्या खात्यावर तिमाहीमागून तिमाही शून्य किंवा शून्याच्या जवळपासचा आकडा पडतो, आणि तो रीतसर लिहिला जातो.

रुग्णालयाकडे एक जादा बिल्लाही असतो. तो कुणीच लावायचा नाही. किरणांपासून दूर, कपाटात ठेवायचा. जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून येणारे नैसर्गिक किरण त्यावर नोंदले जातात आणि ते बाकीच्या बिल्ल्यांमधून वजा करतात. खडकीतल्या ८५९ जणांचे काम इथे हा कपाटातला बिल्ला करतो.

कधी कधी एखाद्याचा आकडा एकदम फार मोठा येतो. चौकशी केली तर पुष्कळदा कळते की बिल्ला यंत्राजवळच्या खुंटीवर लटकत होता आणि त्याचा मालक बाहेर चहा घेत होता. बिल्ल्याला बिल्ल्यावर पडलेले किरण तेवढे कळतात. मोठ्या आकड्याबद्दल शंका राहिलीच तर त्या माणसाचे थोडे रक्त घेतात आणि पांढऱ्या पेशींतली तुटून भलत्या ठिकाणी जोडली गेलेली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली एक एक करून मोजतात. आणि तिथेही, किरणांशी कधीच संबंध न आलेल्या माणसाच्या पेशींत अशी गुणसूत्रे किती सापडतात, हे आधी मोजून ठेवलेले असावे लागते.