एजवूडचा दावा : शाळा, मालमत्ता-कर आणि वंश

१७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्याचा निकाल लागला आणि वंशभेदावर आधारलेल्या वेगळ्या सरकारी शाळा अमेरिकेत घटनाबाह्य ठरल्या. त्यानंतरचा अमेरिकी शिक्षणाचा इतिहास बहुधा याच निकालाच्या अंमलबजावणीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु शाळेचे दार कोणाला उघडे असावे हा एक प्रश्न. शाळेचा खर्च कोणाच्या उत्पन्नातून चालावा हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले ते टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहराच्या एजवूड भागातील कष्टकरी पालकांनी.

१६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि शाळाधिकाऱ्यांच्या कचेरीवर चालून गेले. अपुरे साहित्य आणि पात्रताधारक शिक्षकांचा तुटवडा या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. पाठोपाठ पालक संघटित झाले. त्यांच्यात पुढे आलेले दिमित्रिओ रॉड्रिगेझ हे केली विमानतळावर पत्रेकाम करणारे कामगार होते. पालकांचा प्रथम संशय स्थानिक अधिकाऱ्यांच्या कारभारावर होता. वकील आर्थर गॉकमन यांनी त्यांचे लक्ष निराळ्या दिशेला वळविले. दोष कारभाराचा असो वा नसो, मुळात तिजोरीच रिकामी होती, आणि ती रिकामी राहावी अशीच राज्याच्या कायद्याची रचना होती. जुलै १९६८ मध्ये फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला.

दाव्यातील १९६७-६८ सालचे आकडे बोलके आहेत. एजवूड शाळा-जिल्ह्यात २५ शाळा व सुमारे २२,००० विद्यार्थी होते. त्यांपैकी सुमारे ९० टक्के मेक्सिकन-अमेरिकन आणि ६ टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय होते. दरडोई विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलर भरत होती. त्याच शहराच्या परिसरातील ॲलॅमो हाइट्स जिल्ह्यात सुमारे ५,००० विद्यार्थी होते आणि त्यांत श्वेतवर्णीयांचे प्रमाण ८१ टक्के होते. तेथे हीच मालमत्ता ४९,००० डॉलरहून अधिक होती. एजवूडचा कर १०० डॉलरमागे १.०५ डॉलर, तर ॲलॅमो हाइट्सचा ०.८५ डॉलर होता. म्हणजे गरीब जिल्हा अधिक दराने कर भरीत होता. तरीही राज्याच्या किमान खर्चयोजनेतील आपला वाटा दिल्यानंतर एजवूडच्या हाती प्रत्येक विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरत, ॲलॅमो हाइट्सच्या हाती ३३३. राज्याची व केंद्राची मदत मिळवूनही एकूण खर्च अनुक्रमे ३५६ व ५९४ डॉलर होता.

१९४९ च्या सुधारणांनी टेक्ससमध्ये किमान खर्चाची हमी देणारी योजना आणली होती. तथापि, त्या योजनेतून एजवूडला विद्यार्थ्यामागे २२२ डॉलर मिळत असता ॲलॅमो हाइट्सलाही २२५ मिळत. विषमता कमी करण्यासाठी आलेला पैसा विषमतेला स्पर्शही करीत नव्हता. गरीब जिल्ह्याने स्वतःच कर वाढवावा, हा उपायही बंद होता. परिसरातील सर्वाधिक उत्पन्नाच्या जिल्ह्याइतकी रक्कम उभारण्यास एजवूडला १०० डॉलरमागे ५.७६ डॉलर कर बसवावा लागला असता; कायद्याची मर्यादा होती १.५० डॉलर.

या आर्थिक रेषेच्या मागे वंशाची रेषा होती. मिळकतींच्या खरेदीखतांत वंशविषयक अटी घालण्याची प्रथा सॅन अँटोनिओतही होती. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयामार्फत अंमलबजावणी निषिद्ध ठरविली; परंतु तोवर वस्त्यांची घडण होऊन गेली होती. शाळा-जिल्ह्याची सीमा या घडणीवरून गेली, आणि कराची सीमाही तीच ठरली.

२३ डिसेंबर १९७१ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. मूळ प्रतिवादींपैकी असलेला सॅन अँटोनिओ शाळा-जिल्हा दाव्यातून वगळला गेल्यावर पालकांच्याच बाजूने उभा राहिला. खटल्याला मात्र त्याचेच नाव चिकटून राहिले. २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा निकाल फिरविला. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी असे प्रतिपादन केले की, शिक्षण हा फेडरल घटनेने हमी दिलेला मूलभूत हक्क नव्हे आणि स्थानिक नियंत्रणाचे तत्त्व या करपद्धतीला पुरेसा आधार देते. ‘ब्राउन’ खटल्यात वकील असलेले थर्गूड मार्शल आता न्यायमूर्ती होते. त्यांनी विस्तृत विरोधी मत नोंदविले.

या निकालाची चिकित्सा करताना वादींच्या पुराव्यातील एक उणीव दृष्टिआड करता येत नाही. गरीब जिल्हा म्हणजे गरीब माणसांचा जिल्हा, हे समीकरण त्यांनी टेक्ससमधील ११० जिल्ह्यांच्या पाहणीवरून मांडले होते. ते दोन टोकांना खरे ठरत होते. मधल्या ९६ जिल्ह्यांत मात्र आकडे उलट दिशेने जात असल्याचे पॉवेल यांनी दाखविले. निर्धन मालमत्तेचा जिल्हा आणि निर्धन कुटुंब या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. परंतु त्याने एजवूडचे दुःख खोटे ठरत नव्हते. तेथे दोन्ही दारिद्र्ये एकत्र नांदत होती. शिवाय निकालाचा सारा भर संपत्तीवर राहिल्याने वंशाचा मुद्दा मागे पडला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, डेन्व्हरच्या खटल्यात, स्पॅनिशभाषक वंशाच्या मुलांना कृष्णवर्णीयांसारखाच भेदभाव सोसावा लागतो हे त्याच न्यायालयाने मान्य केले.

फेडरल न्यायालयाचे दार बंद झाल्यावर लढा राज्याच्या घटनेकडे वळला. १९८४ साली एजवूड जिल्ह्याने नवा दावा लावला आणि २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धती एकमताने घटनाबाह्य ठरविली. या वेळचा आधार साधा होता : मोफत शाळांची ‘कार्यक्षम’ व्यवस्था राखण्याचे कर्तव्य राज्यघटनेने विधिमंडळावर घातले होते. विधिमंडळाच्या दोन योजना १९९१ व १९९२ साली अमान्य झाल्या. श्रीमंत जिल्ह्यांच्या उत्पन्नाचा काही भाग इतरांकडे वळविणारा १९९३ चा कायदा अखेर १९९५ साली टिकला.

‘स्थानिक नियंत्रण’ हे १९७३ च्या निकालाचे मुख्य अधिष्ठान होते. एजवूडच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ काय उरतो, हे तपासले पाहिजे. ज्या जिल्ह्याने अधिक दराने कर देऊनही त्याच्या हाती विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरतात, त्याला निवड करण्याजोगे फारसे काही नसते. नियंत्रणाचा हक्क कागदावर दोन्ही जिल्ह्यांना सारखा होता. तो वापरण्याची ऐपत एकालाच होती. वर्ग सोडून निघालेल्या मुलांनी दाखविली ती हीच तफावत, आणि तिला न्यायालयीन मान्यता मिळेपर्यंत ती मुले तिशी ओलांडून गेली होती.