टायगर मॉमच्या आधीची परीक्षा

एमी चुआचं पुस्तक २०११ मध्ये आलं आणि 'चिनी आईबाप मुळातच कडक' असं सगळे म्हणू लागले. मला हे पटत नाही. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना कायद्याने दार बंद केलं. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी नोंदी जळाल्या, मग अनेक मुलं 'कागदी मुलगे' म्हणून, म्हणजे दुसऱ्याच कुणाला बाप सांगून, येऊ लागली. एंजल आयलंडवर त्यांची उलटतपासणी व्हायची. गावात घरं किती? दाराला पायऱ्या किती? उत्तरं बोटीत घोकायची, चिठ्ठ्या समुद्रात फेकायच्या. चुकलं की परत पाठवणी!

१९६५ च्या कायद्यानंतर तैवानहून डिग्रीवाले आले, तिथली खतरनाक प्रवेश परीक्षा पार केलेले. आता यांच्यासमोर मुलाने बी-प्लस आणून दाखवायचा.