नावातले एक अक्षर

अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख आहे. राजाचे नाव दगडावर कोरले गेले. आमच्या आज्यापणज्यांची नावे कुलकर्ण्याच्या, तलाठ्याच्या कागदांवर राहिली. तीही दुसऱ्यांच्या हातची. हे ध्यानी ठेवूनच, स्कॅन केलेल्या कागदावरील हस्ताक्षर वाचणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरकडे आपण पाहिले पाहिजे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही बव्हंशी बाहेरून आलेल्यांची वस्ती. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, 1949 साली तिचे उल्हासनगर झाले. कारखान्यांच्या ओढीने कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून आमची माणसे आली. आज त्यांच्या नातवंडांच्या जातदाखल्याची पडताळणी होते, तेव्हा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा विचारला जातो. तो असतो मूळ गावच्या दप्तरात. कधी मोडीत, मराठवाड्यातला असला तर कधी उर्दूत. कागद हातात आहे, पण वाचता येत नाही, असे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. त्यांना हे यंत्र हवेच आहे.

पण यंत्र शिकते कसे? कागदाचे चित्र आणि जाणकाराने केलेले त्याचे वाचन, अशा जोड्या त्याच्यापुढे ठेवतात. रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी 2025 साली मोडीचे देवनागरीकरण करण्यासाठी अशा 2,043 चित्रांचा संच मांडला. त्यात शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडी आहे. काम मोलाचे आहे. परंतु मोडी हात न उचलता लिहितात, शब्दांत अंतर ठेवत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत. अशा ठिकाणी यंत्र पूर्वी पाहिलेल्या शब्दांवरून अंदाज बांधते. जे पाहिलेच नाही, ते ओळखीच्या शब्दाकडे ओढले जाते.

आमच्या जुन्या नावांच्या शेवटी 'नाक' असे. 1818 च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर ती नावे आहेत. उद्या यंत्राने 'रामनाक'चे 'रामनाईक' केले, तर? एका अक्षराने माणसाची जात बदलेल, पुरावा बाद होईल, आणि चूक कोणाची हे विचारायला माणूसच समोर नसेल.

शिवाय प्रश्न दाखल्यापुरता नाही. ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले आणि जे अखेर 1958 च्या कायद्याने गेले, त्या वेठबिगारीचा हिशेब याच दप्तरांत पडून आहे. तो वाचला जाणे हे इतिहासाचे काम आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. वतनाचे, बलुत्याचे, शाळांच्या नोंदवह्यांचे कागद यंत्राच्या शिकवणीत आले पाहिजेत. यंत्राच्या वाचनाशेजारी मूळ कागदाचे चित्र राहिले पाहिजे, आणि जाणकाराने तपासल्याविना त्यावरून कोणाचाही दावा फेटाळला जाऊ नये. तो जाणकार आपल्यातूनही यावा, यासाठी आपल्या विहारांत, वाचनालयांत मोडीचे वर्ग भरले पाहिजेत. अक्षर आपल्याला एकदा नाकारले गेले होते. आता ते वाचण्याचे काम सर्वस्वी दुसऱ्यावर, मग तो माणूस असो की यंत्र, सोपवून चालणार नाही.